सात नंबर

खडकीच्या माणसाला बंदीचं अप्रूप सांगू नये. आम्ही बंदीतच लहानाचे मोठे झालो. एका अंगाला १८६९ सालापासूनचा दारूगोळ्याचा कारखाना, दुसऱ्या अंगाला स्फोटकांचा, मधे लष्कराचं वर्कशॉप आणि उरलेल्या फटीत आम्ही. इतर गावांतली मुलं 'अ अननसाचा' वाचून साक्षर होतात, आमची मुलं 'आत येण्यास सक्त मनाई आहे' वाचून. फोटो काढायचा नाही, थांबायचं नाही, गाडी लावायची नाही, भिंतीच्या पलीकडे काय आहे ते विचारायचं नाही. बाकीच्या पुण्याला पाट्या लिहायची हौस आहे, आम्हाला पाट्या पाळायची सवय आहे. त्यामुळे २४ मार्च २०२०च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवस उंबरा ओलांडू नका म्हणून सांगितलं, तेव्हा देश हादरला असेल. आमच्या इमारतीत फक्त एक प्रश्न विचारला गेला, "दूध येणारे ना?"

पुण्याला तर आतून थोडा अभिमानही होता. राज्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला, ऐन होळीच्या दिवशी, पुण्यातच सापडले होते आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले होते. काळजी सगळ्यांनाच होती, पण "पहिला पुण्यात" हे सांगताना आमच्या एका मावसभावाचा आवाज जरा चढलेला मी स्वतः ऐकलाय. तो डेक्कनला राहतो.

पंतप्रधानांच्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. घरात साखरेची गाठी नाही, झेंडू नाही, चक्का नाही. कडुलिंब तेवढा होता, कारण तो अंगणातच आहे. वर्षाची सुरुवात कडू खाऊन करावी असं शास्त्र सांगतं. त्या वर्षी शास्त्राला फार आग्रह करावा लागला नाही. आम्ही गुढी उभारली, तिला हिची ठेवणीतली जांभळी साडी नेसवली आणि सगळे आत येऊन बसलो. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत घराबाहेर फक्त गुढ्या होत्या, आणि नवे कपडेही त्यांनाच होते.

खडकीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरतं येतं. ५ नोव्हेंबर १८१७ला इथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. दुपारी सुरू झाली, अंधार पडायच्या आत आटोपली. बापू गोखले इकडे मैदानात लढत होते आणि दुसरे बाजीराव तिकडे पर्वतीवरून बघत होते. सुरक्षित अंतर राखून कामकाज चालवण्याचा पुण्यातला तो पहिला प्रयोग. सेनापती कामावर, साहेब घरून. निकाल सर्वांना माहीत आहेच.

दुसरी गोष्ट जवळचीच. १३ मार्चला राज्य सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७चा. प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्या वर्षीच्या घरझडत्यांना पुणेकर इतके कावले की २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. ती जागा आमच्यापासून फार लांब नाही. १२३ वर्षांनी त्याच कायद्याखाली, त्याच शहरात, पोलिसांनी सकाळी फिरायला निघालेल्यांना रस्त्यावरच योगासनं करायला लावली आणि लोकांनी ती केली, काहींनी श्वासाकडे लक्ष देऊन. एका शतकात आम्ही बरेच मऊ झालो, किंवा आमची कंबर तरी.

आता माझी ओळख. मी शिवाजीनगरच्या एका खाजगी कचेरीत हिशेब लिहितो. घरात मी, ही, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि हिंजवडीच्या कंपनीत नोकरी करणारी मुलगी. चार माणसं, दोन खोल्या, एक गॅलरी. गॅलरीचा उल्लेख मुद्दाम केला. पलीकडच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं होती, आणि 'एकमेकांपासून सहा फूट' हे वाचून त्यांनी आधी खोली मोजली असेल, मग हसले असतील. सार्वजनिक संडासाच्या रांगेत अंतर ठेवायचं तर रांगेचं शेपूट रेल्वे रुळांवर जायचं. पुढे त्या गल्लीला पत्रे ठोकले. तेव्हा यापुढे मी जे रडगाणं गाणार आहे ते गॅलरीवाल्याचं रडगाणं आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

सगळ्यात आधी गेली ती वेळ. खडकीत घड्याळ भिंतीवर शोभेला असतं. खरी वेळ कळते ती लोकलवरून. लोणावळ्याकडे जाणारी गेली की आईचा चहा, पुण्याकडची आली की माझी आंघोळ, तिच्या पुढची चुकली की माझी बोलणी. २२ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, प्रवासी गाड्या थांबल्या आणि आमचं घर कालातीत झालं. मालगाड्या चालू होत्या, पण मालगाडी म्हणजे पाहुण्यांतला तो एक काका. कधी येईल, किती थांबेल, कुणी सांगू शकत नाही. आई दुपारी तीनच्या मालगाडीला फसून संध्याकाळचा दिवा लावून मोकळी व्हायची.

पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले, हे कबूल केलं पाहिजे. २८ मार्चपासून दूरदर्शनवर सकाळी नऊ आणि रात्री नऊला रामायण लागलं. आईने हे रामायण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टीव्हीला हार घातला होता. या वेळी हार नव्हता म्हणून तिने टीव्हीला सॅनिटायझरने पुसला. भाजीवाला आला की जी धांदल उडायची ती दिवाळीच्या फराळालाही उडालेली मी पाहिली नाही. कोथिंबीर सोड्याच्या पाण्यात, बटाटे उन्हात, दुधाच्या पिशव्या साबणात आणि मी बाथरूममध्ये, कारण मी पिशवीला हात लावला होता. मधले काही दिवस पेपर बंद होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर ही त्याला आधी इस्त्री करायची. अग्रलेख एवढा गुळगुळीत मी आजवर वाचला नव्हता.

तळमजल्यावरच्या मुलाची दहावी होती. सगळे पेपर झाले, एकटा २३ मार्चचा भूगोल राहिला आणि तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. त्या मुलाइतका निखळ आनंद त्या वर्षी पुणे जिल्ह्यात कुणालाच झाला नसेल. मला मात्र ती बातमी वाचून कसंतरी झालं. भूगोल रद्द. बरोबरच होतं. आमचाही दोन खोल्यांपुरताच उरला होता.

मग पित्त सुरू झालं.

एप्रिलच्या मध्याला २१ दिवस संपले आणि बंदी ३ मेपर्यंत वाढली. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या बारा बिऱ्हाडांपैकी निदान आठांना पित्त झालं. गॅलरीतून चौकशी करावी तर वरून, खालून, शेजारून एकच उत्तर. "झोप नाही हो. पित्त." "छातीत धडधडतं. पित्त." "उगीच रडू येतं. पित्तच ते." "दोन दिवस कुणाशी बोलावंसंच वाटेना." "पित्त असणार." पित्ताशयाने एवढी जबाबदारी आयुष्यात कधी घेतली नसेल. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं, मास्कच्या खालोखाल अँटासिड जातंय.

गंमत बघा, आपल्या भाषेत मनाला शब्दांची ददात नाही. मन लागत नाही, मन उडालं, मन खातं, मन विटलं, मनाला लागलं, मनात चुकचुकलं, मन मारलं, मन मोडलं. दुखण्याच्या इतक्या तऱ्हा तर डॉक्टरांच्या पुस्तकातही सापडायच्या नाहीत. आणि एवढी संपत्ती घरात असताना आपण दवाखान्यात जाऊन सांगतो काय, तर "गॅसेस."

याचं एक कारण आमच्या भूगोलात आहे, जो रद्द झाला नव्हता. खडकीतून होळकर पूल ओलांडला की मुळेच्या पलीकडे येरवडा. आणि येरवडा या शब्दाला पुण्यात दोन अर्थ आहेत. एक तुरुंग, दुसरा मनोरुग्णालय. तुरुंगातल्या येरवड्याला प्रतिष्ठा आहे. गांधीजी तिथे होते, १९३२चा पुणे करार तिथेच झाला. तिथे जाऊन आलेल्यांच्या नावाने रस्ते आहेत. दुसऱ्या येरवड्याला नुसतं जाऊन आल्याचा संशय आला तरी चुलतबहिणीचं लग्न मोडतं. आमच्या घरात तर तो शब्दही उच्चारत नसत. "तिच्या आत्याला पुलापलीकडे नेलं होतं" एवढंच, तेही आवाज खाली करून. लहानपणी मला वाटायचं, पुलातच काहीतरी आहे.

तर मलाही पित्त झालं. रात्री तीनला जाग यायची. मी उठून गॅसचं बटण बघायचो. परत येऊन पडलो की वाटायचं, बघताना धक्का लागून चालू झालं असेल. परत उठायचो. मोबाईल उघडून जिल्हानिहाय आकडे वाचायचो. मी हिशेबाचा माणूस, आकडे दिसले की बेरीज आपोआप होते, आणि ती बेरीज छातीवर येऊन बसायची. दिवसा हातात काम नव्हतं, म्हणजे होतं, पण मालकांनी खातेवह्यांचे फोटो मोबाईलवर पाठवलेले. जमेची बाजू पाहायला फोटो मोठा केला की नावेची बाजू पडद्याबाहेर जायची. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत नफा इतका कधीच दिसला नव्हता.

आणि आणखी एक. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायला लागलो. दोन खोल्यांत चार माणसं असली की एकांताची तेवढी एकच जागा, आणि आवाज जाऊ नये म्हणून नळ. चार-पाच दिवस हिने काही म्हटलं नाही. सहाव्या दिवशी बाहेरून कडी वाजवली. "अहो, पाणी एक तास येतंय. रडायचं असेल तर बाहेर या आणि भांडी घासता घासता रडा. मीही तेच करते."

मी बाहेर आलो. तिने कढई माझ्याकडे दिली, तवा स्वतःकडे घेतला. आमच्या लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्या कढईइतकी स्वच्छ कढई आमच्याकडे त्याआधी नव्हती.

आता सुभेदार. तिसऱ्या मजल्यावर, दहा नंबरला राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त. पलटणीने त्यांची मराठी काही वर्षांपूर्वी परत केली, पण पूर्ण नाही. मधेमधे हिंदी तशीच राहून गेलीय. पित्ताची साथ त्यांनी गॅलरीतून दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहाला, खाली अंगणात उभे राहून शिट्टी मारली. तोंडाला पट्टेरी पंचा, पायात पॉलिश केलेले बूट.

"सगळे गॅलरीत या! फॉलिन! रोज सहा वाजता हजेरी होईल. ज्याचा त्याचा घर नंबर, खणखणीत आवाजात. आजाऱ्यालाही माफी नाही. गिनती कर!"

सेक्रेटरींनी वरून विचारलं, हे कोणत्या नियमाखाली. सुभेदार म्हणाले, "सेक्रेटरीसाब, आपका नंबर ग्यारा है. तुमची पाळी येईल तेव्हा बोला."

ही हजेरी ऐकायला खरं तर तिकीट लावायला हवं होतं. एक नंबरचा किराणेवाला "एक" म्हणताना भाव सांगितल्यासारखा म्हणायचा. दोन नंबर म्हणजे तो भूगोलवाला, त्याचा आवाज तेव्हाच फुटत होता, रोज वेगळाच 'दोन' यायचा. तीन नंबरला लातूरकडची दोन पोरं, राज्यसेवेची तयारी करणारी. त्यांची ५ एप्रिलची पूर्वपरीक्षा पुढे गेली होती आणि पुढे इतक्या वेळा पुढे गेली की अखेर २१ मार्च २०२१ला झाली. ती पोरं 'तीन' असं म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, तिसऱ्यांदा ढकलली. चार नंबरच्या आजी आकडा म्हणायच्याच नाहीत. "आहे की. जाणार कुठं?" पाच आम्ही. सहा नंबरचे अण्णा, तीन पिढ्या खडकीत, घरात तमीळ, दारात मराठी. ते मुद्दाम "आरु!" म्हणायचे आणि आख्खी इमारत त्यांच्यामागून "आरु!" म्हणायची.

आठ नंबरचं लग्न फेब्रुवारीत झालेलं. एप्रिलमध्ये दोघं गॅलरीत येऊन एका सुरात "आठ" म्हणायचे. मे महिन्यात आधी एक 'आठ' यायचा, बऱ्याच वेळाने दुसरा, आणि दोन्ही वेगवेगळ्या खिडकीतून. जूनमध्ये पुन्हा एकच 'आठ' आला तेव्हा चार नंबरच्या आजींनी हात जोडले. नऊ नंबर सांगलीला अडकलेले. त्यांच्या वतीने दहा नंबरच्या वहिनी "नऊ गैरहजर, कारण सरकार" असं नोंदवायच्या. अकरा-बाराचं विशेष काही नाही, फक्त अकरा म्हणजे सेक्रेटरी, आणि ते रोज "हजर, निषेध नोंदवून" म्हणायचे.

मी राहून राहून सात नंबरकडे येतोय आणि टाळतोय.

सात नंबरला फोरमनकाका. फॅक्टरीत सदतीस वर्षं काढलेली. भोंगा व्हायच्या आधी पाच मिनिटं गेटवर, हा त्यांचा अभिमान. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा परदेशी, आणि आता विमानंही बंद. सगळ्या इमारतीत पित्ताची तक्रार न केलेला हा एकच माणूस, म्हणून आम्ही त्यांना खंबीर समजत होतो. २२ मार्चला पाच वाजता थाळ्या वाजवायच्या होत्या, तेव्हा काकूंची पितळी परात त्यांनी लाटण्याने अशी बडवली की परातीला पोचा आला. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवायचे होते, तेव्हा त्यांच्याकडे काळोखच होता. आम्ही म्हटलं, शिस्त बघा. आता कळतं, त्यांच्याकडे दिवा त्याआधीही लागला नव्हता.

हजेरीत ते "हजर" म्हणायचे. फॅक्टरीची सवय. पहिल्या आठवड्यात खणखणीत. मग नुसतं "हं". मग गॅलरीत न येता आतूनच. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी "आरु" झाल्यावर काहीच आलं नाही.

आठ नंबरची पोरगी 'आठ' म्हणायला तोंड उघडून तशीच राहिली. सुभेदार थांबले. "सात!" काही नाही. "सात नंबर!" वर जिन्याच्या टोकाला कबुतरं फडफडली तेवढीच.

सुभेदार निघाले, मागून मी. शौर्याने नव्हे, माझ्या दारावरूनच जिना जातो आणि ही बघत होती. दार वाजवलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "पित्त झालंय."

"दार उघडा, फोरमनसाहेब."

"उद्या येतो हजेरीला."

"उद्याचं उद्या. आज रिपोर्ट अधुरा आहे माझा."

दार उघडलं. मी फार काही सांगत नाही. घर नीटनेटकं होतं, कारण कुठल्याच वस्तूला हात लागलेला नव्हता. ओट्यावर दुधाच्या चार पिशव्या फुगलेल्या. भिंतीवरचं कालनिर्णय मार्चवर. काका पंधरा दिवसांत पाच-सहा किलोने उतरले होते आणि बनियनवर होते. या माणसाला बनियनवर मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघं पुरुष. आम्ही लगेच जे सुचतं ते केलं. सुभेदार म्हणाले, सकाळी पाचला उठून दौड काढा. मी म्हणालो, ओवा घ्या. एवढ्यात माझी मुलगी जिन्यावरून वर आली, दारात उभी राहिली, दोन मिनिटं त्यांना बघत होती, आणि म्हणाली, "काका, हे पित्त नाहीये."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "पूल ओलांडावा लागेल का गं?"

पूल ओलांडायची गरज नव्हती, आणि असती तरी नाकाबंदी होती. केंद्र सरकारने २५ मार्चलाच, म्हणजे पाडव्याच्या दिवशीच, डॉक्टरांनी फोनवर आणि व्हिडिओवर रुग्ण तपासण्याचे नियम जाहीर केले होते. मुलीने तिच्या कंपनीतल्या कुणाकडून तरी एका मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. वेळ सकाळी अकराची. काका साडेदहालाच तयार. इस्त्रीचा शर्ट, पँट, पट्टा, मोजे, बूट. "डॉक्टरांना पाय दिसत नाहीत काका," मुलगी म्हणाली. "मला दिसतात ना," काका म्हणाले.

मोबाईल त्यांनी असा धरला की पहिली दहा मिनिटं डॉक्टरांनी पंखा तपासला. इमारतीत त्या वेळी शांतता होती ती कौतुकास्पद. बारा बिऱ्हाडांपैकी एकाचाही मिक्सर चालू नव्हता. सगळे आपापल्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते, ज्यांच्याकडे कुंड्या नव्हत्या तेसुद्धा. अर्ध्या तासाने दार उघडलं. काका बाहेर आले, कठड्याला धरून उभे राहिले आणि फॅक्टरीत नोटीस वाचून दाखवावी तसे म्हणाले, "डिप्रेशन आहे. गोळ्या दिल्यात. असर दिसायला दोन-तीन आठवडे लागतील. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगू का?"

कुंड्यांचं पाणी बंद झालं. चार नंबरच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "मलाही विचारून ठेव रे, रोज पहाटे असं पोटात खड्डा पडल्यासारखं का होतं."

ही मेची गोष्ट. जूनपर्यंत आमच्या इमारतीतल्या पाच जणांचं पित्त त्या डॉक्टरांकडे गेलं. त्यात एक मी. माझ्या पित्ताला 'एन्झायटी' म्हणतात असं कळलं आणि मला उगीचच बरं वाटलं. गॅसच्या बटणाबद्दल डॉक्टरांनी सांगितलं, एकदाच बघायचं, बघितलं की मोठ्याने म्हणायचं "बंद आहे". मी म्हणायला लागलो. पहिल्या रात्री आईने अंथरुणातून विचारलं, "कोण बंद आहे?" मी म्हटलं, "सगळेच." ती म्हणाली, "मग झोप."

सुभेदारांनी सात नंबरला ड्यूटी लावली. शिट्टीऐवजी आता संध्याकाळी सहाला परात वाजवायची, ती पोचा आलेलीच, आणि बरोबर सहाला. सदतीस वर्षं भोंग्यावर चाललेला माणूस स्वतःच भोंगा झाला. मला ही कल्पना फार काव्यात्म वाटली आणि मी तसं काकांना बोलूनही दाखवलं, की या परातीनेच तुम्हाला बरं केलं. त्यांनी माझ्याकडे फोरमनच्या नजरेने पाहिलं. "परातीने कान किटतात. बरं गोळ्यांनी वाटतंय. लिहिणार असशील तर तसंच लिही." तसंच लिहिलंय.

जूनमध्ये एक दिवस आई सकाळपासून गॅलरीत बसून होती. तुकोबांची पालखी आकुर्डीहून पुण्याला जाताना दापोडी, बोपोडी करत आमच्या रस्त्यावरून जाते. आई लग्न होऊन खडकीत आल्यापासून एक वर्षही चुकली नव्हती, राजगिऱ्याचे लाडू घेऊन कडेला उभी राहायची. त्या वर्षी रस्त्यावरून पालखी आली नाही. पादुका ३० जूनला एसटीने थेट पंढरपूरला गेल्या. त्या संध्याकाळी हजेरीच्या वेळी तिने पाच नंबर म्हटलाच नाही. सगळी इमारत वाट पाहत होती. मग ती म्हणाली, "देव एसटीनं गेला. मी पाच." आणि घरात केलेले लाडू दोरीने टोपलीतून एकेका गॅलरीत पोचवले. सेक्रेटरींना दोन मिळाले. त्यांनी त्या दिवशी निषेध नोंदवला नाही.

२०२१च्या एप्रिलबद्दल मी लिहीत नाही. ऑक्सिजनच्या त्या दिवसांवर विनोदी लेख लिहिणारा माणूस मी नव्हे. हजेरी त्या महिन्यातही झाली, रोज झाली, आणि बारापैकी एका घराचा आकडा कायमचा बदलला, एवढंच. ऑक्सिमीटरचं मात्र सांगतो, कारण ते आधीच्या पावसाळ्यातलं. इमारतीने वर्गणी काढून एक घेतलं होतं. बोट घातलं की आकडा यायचा, आणि लोक तो दहावीच्या निकालासारखा ओरडून सांगायचे. "अठ्ठ्याण्णव!" "आमच्याला सत्त्याण्णवच पडले." भूगोलवाल्याला नव्व्याण्णव आले तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "हा पेपर रद्द झाला नाही ते बरं झालं."

आता सगळं पूर्ववत आहे. लोकल धावतात, आई तिसऱ्या लोकलला चहा पिते. आठ नंबरला मुलगा आहे, त्याला आकड्यांमध्ये आधी आठ यायला लागला. सुभेदार गावी शेतावर असतात आणि महिन्यातून एकदा फोनवर 'रिपोर्ट' मागतात. हजेरी बंद पडली. रोज सहाला कोण घरी असतं? पण सात नंबरची गॅलरी संध्याकाळी अंधारी दिसली की आठ नंबर दार वाजवते, आणि काका आतून ओरडतात, "लाईटचं बिल वाचवतोय, पित्त नाही!"

आमच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. त्यावर टाकी धुण्याची तारीख, थकबाकीदारांची नावं आणि टँकरवाल्याचा नंबर असतो. ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारने टेलिमानस नावाची मनाच्या दुखण्यांसाठीची मोफत फोनसेवा सुरू केली. तिचा नंबर १४४१६ फोरमनकाकांनी तेव्हा टँकरच्या खाली ऑइलपेंटने लिहिला, फॅक्टरीतल्या अक्षरात. सेक्रेटरींनी विचारलं, हे कोणत्या ठरावानुसार. टँकरवाला त्यानंतर दोनदा बदलला, थकबाकीदार तेच आहेत, आणि तो नंबर ऑइलपेंटचा असल्यामुळे पुसता येत नाही.